फुटलेल्या बाटल्या की बाटल्या फुटलेल्या?

‘फुटलेल्या बाटल्या मिळाल्या’ आणि ‘बाटल्या फुटलेल्या मिळाल्या’. शब्द तेच तीन. त्यांतल्या दोघांनी फक्त जागा बदलली आहे. पण पहिले वाक्य ऐकणारा विचारील, ‘कोणत्या? त्या परवा हरवलेल्या?’ आणि दुसरे ऐकणारा म्हणेल, ‘अरेरे! किती नुकसान झाले?’ पहिल्यात बाटल्या फुटलेल्या आहेत हे आधीच ठाऊक होते, बातमी मिळाल्याची आहे. दुसऱ्यात बाटल्या येणार हे ठाऊक होते, बातमी फुटल्याची आहे. हा फरक मराठी घरातल्या तिसरीच्या पोरालाही कोणी शिकवावा लागत नाही. आईला खोटे सांगताना तो या दोन वाक्यांतले नेमके सोयीचे वाक्य निवडतो.

हेच पोर मोठे होऊन बी.कॉम.ला येते, इंग्रजी पत्रव्यवहाराच्या तासाला बसते, आणि तिथे त्याला ‘ऑब्जेक्टिव्ह कॉम्प्लिमेंट’ नावाचे काहीतरी असते असे सांगण्यात येते. ते व्याख्या उतरवून घेते, पाठ करते, परीक्षेत लिहिते, आणि लगेच विसरते. त्या व्याख्येत जे आहे ते आपल्याला तिसरीपासून येत होते, हे त्याला कोणीच सांगत नाही. माझी तक्रार एवढ्याच एका गोष्टीपुरती आहे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला इंग्रजी वाक्यरचना कळत नाही, कारण त्याचे डोके मराठीत चालते, असे आपण नेहमी ऐकतो. निदान या एका बाबतीत तरी ते उलट आहे असे माझे म्हणणे आहे. त्याचे डोके मराठीत चालते म्हणूनच त्याला ती लवकर कळायला हवी. पण ते डोके वर्गाच्या दाराबाहेर चपलांशेजारी काढून ठेवायला सांगतात.

आता इंग्रजीकडे वळू. ‘वुई फाउंड द ब्रोकन बॉटल्स’ म्हणजे फुटलेल्या बाटल्या सापडल्या. ‘वुई फाउंड द बॉटल्स ब्रोकन’ म्हणजे बाटल्या फुटलेल्या आढळल्या. मराठीशी अक्षरशः जुळणारी जोडी. ओटो येस्पर्सन या डॅनिश पंडिताने १९२४ साली ‘फिलॉसॉफी ऑफ ग्रामर’ या ग्रंथात हाच भेद पिंजऱ्याचे उदाहरण घेऊन दाखवला आहे. रिकामा पिंजरा सापडणे वेगळे आणि पिंजरा रिकामा सापडणे वेगळे. पहिल्या वाक्यात पिंजरा मिळाल्याचा आनंद असू शकतो. दुसऱ्यात पोपट उडालेला असतो. येस्पर्सनच्या मते दुसऱ्या प्रकारात ‘पिंजरा’ आणि ‘रिकामा’ हे दोन शब्द मिळून एक लहानसे वाक्यच तयार झालेले असते, आणि क्रियापद त्या सबंध वाक्याला कवेत घेते.

नामाच्या जागी सर्वनाम आले की गंमत वाढते. ‘वुई फाउंड देम ब्रोकन’. इथे दुसरी जागाच शिल्लक नाही. ‘देम’च्या आधी ‘ब्रोकन’ घालून पाहा. कोणी इंग्रजी माणूस तसे बोलणार नाही. नामाच्या पुढे विशेषण बसते, सर्वनामाच्या पुढे बसत नाही. त्यामुळे नाम असताना जो गोंधळ होऊ शकतो तो सर्वनाम असताना होऊच शकत नाही. क्रियापद, मग ‘इट’ किंवा ‘देम’ किंवा ‘हिम’, मग विशेषण. मधली जागा सर्वनामाची. मेक इट क्लिअर, कीप देम रेडी, सेट हिम फ्री, होल्ड अस रिस्पॉन्सिबल. धंद्याच्या पत्रांतली निम्मी वाक्ये या एका साच्यातून निघतात.

तरी आपल्यातले कितीतरी जण ‘मेक क्लिअर इट’ असे लिहितात. का? आळशीपणा म्हणून नव्हे. आपण ते शब्दार्थांच्या वहीतून शिकलो म्हणून. त्या वहीत डावीकडे ‘मेक क्लिअर’ आणि उजवीकडे ‘स्पष्ट करणे’. डावीकडे ‘सेट फ्री’, उजवीकडे ‘मोकळे करणे’. डावीकडे ‘मेक गुड’, उजवीकडे ‘भरून देणे’. मराठीत ‘स्पष्ट करणे’ ही जोडी नवराबायकोसारखी शेजारी शेजारी बसते आणि कर्म त्यांच्या आधी येऊन जाते. मुलगा इंग्रजी जोडीही तशीच अभंग ठेवतो आणि कर्म मागे चिकटवतो. शिवाय छापील पुस्तक त्याला पुरावा देते. ‘मेक गुड द लॉस’ हे कायद्याच्या प्रत्येक पुस्तकात आहे. ‘कट शॉर्ट द मीटिंग’ वर्तमानपत्रात आहे. मग ‘मेक गुड इट’ का नाही? या मुलाने नियम मोडला नाही. समोर दिसलेल्या वाक्यांवरून नियम काढला आणि तो इमानाने पाळला. फक्त तो नियम अर्धा होता.

उरलेला अर्धा असा की इंग्रजीत हलके आधी आणि जड मागे. ज्या गोष्टीबद्दल आधीच बोलणे झाले आहे ती हलकी. तिच्यासाठी ‘इट’ पुरते. जी गोष्ट नव्याने सांगायची आहे, आणि लांबलचक सांगायची आहे, ती जड. तिला शेवटी मोकळी जागा हवी. ‘उशिरामुळे माल घेणाऱ्याला सोसावे लागलेले नुकसान’ एवढे बोचके ‘मेक’ आणि ‘गुड’च्या मध्ये कोंबले तर ‘गुड’ येईपर्यंत वाचणारा ‘मेक’ विसरून जाईल. म्हणून ते बोचके मागे. ‘इट’ मात्र चिमूटभर. ते मध्ये सहज मावते, आणि मध्येच बसले पाहिजे. पंखा बंद करण्याच्या ‘स्विच ऑफ’चेही तेच. ‘स्विच ऑफ द फॅन’ चालते, ‘स्विच द फॅन ऑफ’ही चालते, पण ‘स्विच ऑफ इट’ नाही.

पण इंग्रजीला जागेचा एवढा हट्ट का? मला जे उमगले ते सांगते, प्राध्यापकांनी तपासून पाहावे. आपण म्हणतो दरवाजा उघडा ठेव, खिडकी उघडी ठेव, दार उघडे ठेव. मराठी विशेषणाच्या अंगावर बिल्ला असतो. ‘उघडी’ म्हटले की ती खिडकीची, दरवाजाची नव्हे, हे कळते; मग ती वाक्यात कुठेही हिंडो. ‘उघडीच ठेव गं ती खिडकी’ म्हटले तरी काही बिघडत नाही. इंग्रजी विशेषणांच्या अंगावरही एके काळी असे बिल्ले होते. जुन्या इंग्रजीत लिंग, वचन, विभक्तीप्रमाणे विशेषणाचे शेवट बदलत. पुढे काही शतकांत ते झिजून गेले. आता ‘ओपन’ म्हणजे उघडा, उघडी, उघडे, उघड्या, सगळे एकच. बिल्ला गेला, तेव्हा कोण कोणाचे हे ठरवायला जागेशिवाय दुसरे साधन राहिले नाही. गणवेश नसलेल्या शाळेत कोणते पोर कोणत्या वर्गाचे हे ते कोणत्या बाकावर बसले आहे त्यावरूनच ओळखायचे, तसे.

आणि कन्नड? कन्नड विशेषणालाही बिल्ला नाही. ‘स्वच्छ नीरु’ म्हणजे स्वच्छ पाणी. पण ‘ते स्वच्छ ठेव’ म्हणायचे झाले की ‘अदन्नु स्वच्छवागि इडु’. तो ‘आगि’ शेपटासारखा मागे लागतो आणि सांगतो की हे विशेषण नामाच्या पुढे मिरवायला आलेले नाही, क्रियापदाच्या कामाला आलेले आहे. म्हणजे मराठीत बिल्ला, कन्नडमध्ये शेपूट, इंग्रजीत बाक. काम तिघांचे एकच. आमच्या गल्लीत दूधवाल्याशी कन्नड, घरात मराठी आणि शाळेच्या गेटपाशी दोन्हींची भेळ बोलणाऱ्या मुलांना तीनांपैकी दोन पद्धती हाताशी असतात. तिसरी शिकवताना या दोघींचे नावही निघत नाही, हे मला विचित्र वाटते.

मला हा विषय व्याकरण म्हणून कधीच आवडला नसता. तो आवडायला लागला इंदूरला. माझे आजोळ तिथले. होळकरांच्या मागोमाग माळव्यात गेलेली मराठी घरे तिथेच राहिली, त्यांतलेच एक. घरात मराठीच बोलतात, पण माळव्याच्या हवेतली. ‘काय करून राहिलीस?’ असे मामी विचारते तेव्हा बेळगावहून नुकत्याच उतरलेल्या माणसाला क्षणभर दम लागतो. गेल्या मोठ्या सुट्टीत मामा म्हणाले, नुसती पोहे-जिलबी खात बसू नकोस, कॉमर्सची आहेस तर माल कसा जातो ते पाहा. ते सांवेर रोडवरच्या एका लहान औषधी कारखान्यात माल रवाना करण्याचे काम पाहतात.

सांवेर रोड म्हणजे इंदूरहून सांवेरवरून उज्जैनकडे जाणारा रस्ता. शहर संपता संपता त्याच्या कडेने औद्योगिक वसाहत पसरली आहे. ए, बी, सी करत एफपर्यंत सेक्टर, आणि प्रत्येकात लहान लहान कारखान्यांची दाटी. एका फाटकातून शेवेच्या तळणाचा वास, पुढच्यातून प्लॅस्टिकचा, त्याच्या पुढच्यातून सिरपचा गोड वास. मामांच्या खोलीत टेबलाच्या एका बाजूला बिल्ट्यांचे पुस्तक, दुसऱ्या बाजूला संगणक, आणि खिडकीबाहेर खोकी चढवणारे हमाल. मी पंधरा दिवस फायली लावायचे काम केले.

त्या फायलींत एक पत्र चुकीच्या जागी लावलेले सापडले. दक्षिण महाराष्ट्रातल्या एका घाऊक व्यापाऱ्याचे, म्हणजे जवळजवळ आपल्याच भागातले. पत्राचा आशय असा: ‘वुई हॅव रिसीव्ह्ड द ब्रोकन बॉटल्स. काइंडली मेक गुड देम.’ त्याला म्हणायचे होते की तुम्ही नव्याने पाठवलेल्या बाटल्या आमच्याकडे फुटलेल्या पोचल्या, त्या भरून द्या. पण त्याच व्यापाऱ्याचे एक जुने प्रकरण होते. आधीच्या खेपेतल्या काही फुटक्या बाटल्या त्याने तपासणीसाठी इकडे धाडल्या होत्या, कारखान्याने तो दावा नाकारला होता आणि त्या त्याला परत केल्या होत्या. हिशेबनिसाने ‘द ब्रोकन बॉटल्स’ वाचले आणि समजला की त्या परत केलेल्या बाटल्या पोचल्याची ही पोच आहे. ‘द’ आहे, म्हणजे आधी बोलणे झालेल्याच बाटल्या! पुढच्या वाक्याचा त्याला काही बोध झाला नाही. ती जुनीच रडगाणी असावीत असे समजून त्याने पत्र जुन्या फायलीत लावून टाकले. तीन आठवडे गेले. मग तिकडून फोन आला आणि दोन्ही बाजूंनी आवाज चढले.

मामांनी ते पत्र माझ्यापुढे सरकवले. ‘तुमच्याकडचंच आहे. बघ बरं, हा काय म्हणून राहिलाय?’ मी वाचले आणि मला ते एका क्षणात कळले, कारण मी मनातल्या मनात ते मराठीत वाचले. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ हसून म्हणाले, ‘मराठी मीडियम होगा.’

होताच असणार. पण गंमत पाहा. त्या व्यापाऱ्याच्या कारकुनाने हेच पत्र मराठीत लिहिले असते तर ‘बाटल्या फुटलेल्या मिळाल्या’ असेच लिहिले असते. ‘फुटलेल्या बाटल्या मिळाल्या’ असे त्याच्या हातून चुकूनही उतरले नसते. त्याला फरक येत होता. इंग्रजीत फुटलेल्या वस्तूला ‘ब्रोकन बॉटल्स’ म्हणतात एवढे त्याला शिकवले होते. ‘बॉटल्स ब्रोकन’ असेही म्हणता येते, आणि ते म्हणजे तुझे ते दुसरे मराठी वाक्य, हे कोणी सांगितले नव्हते. आणि त्या हसणाऱ्या गृहस्थांना विचारावेसे वाटले की तुमच्या हिंदीतही ‘टूटा हुआ माल मिला’ आणि ‘माल टूटा हुआ मिला’ हे दोन आहेतच की. मामांच्या कचेरीत विचारले नाही. इथे विचारते.

हा केवळ लाजेचा प्रश्न नाही, पैशाचा आहे. आपण १९३०चा मालविक्री कायदा अभ्यासतो. त्याच्या ४१ आणि ४२ या कलमांप्रमाणे घेणाऱ्याला माल तपासण्याची रास्त संधी मिळाली पाहिजे. पण रास्त मुदत उलटेपर्यंत त्याने नाकारल्याचे कळवले नाही आणि माल ठेवून घेतला, तर त्याने तो स्वीकारला असे धरतात. कळवले की नाही कळवले, हे शेवटी कागदावरच्या वाक्यावरून ठरते. ट्रकवाल्यावर दावा करायचा तर २००७चा रस्ते मालवाहतूक कायदा आहे. त्यात माल नोंदवल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. तीन आठवडे एका चुकीच्या फायलीत गेले तर त्यातले एकवीस दिवस गेले. आणि त्या नोटिशीत ‘आम्ही फुटका माल घेतला’ असे वाचले जाईल असे वाक्य असेल, तर समोरचा वकील ते सोडून देईल का? फुटका आहे हे पाहून घेतला, मग आता का ओरडता, असे म्हणायला त्याला आपणच जागा करून दिलेली असते.

म्हणून मला वाटते, पत्रव्यवहाराच्या तासाला एक साधी युक्ती सांगायला हवी. पहिल्या वाक्यात मालाचे नाव, संख्या, बिल्टीचा नंबर लिहा आणि वाक्य संपवा. दुसऱ्या वाक्यात सर्वनाम घ्या: ‘ऑन ओपनिंग द बॉक्सेस, वुई फाउंड देम ब्रोकन’. पण थांबा, इथे ‘देम’ म्हणजे बाटल्या की खोकी? खोकी हा शब्द मध्ये घातला म्हणून नवीच पंचाईत झाली. तो काढून टाका. ‘वुई फाउंड देम ब्रोकन ऑन अरायव्हल’. आता ‘ब्रोकन’ला दुसरा अर्थ घेता येत नाही, कारण सर्वनामाने मधली जागा अडवली आहे.

खोक्यांचे नाव निघाले म्हणून आणखी एक. सांवेर रोडवर दिवसभर मी खोक्यांवरचे इंग्रजी वाचत होते. ‘कीप ड्राय’. ‘कीप टाइटली क्लोज्ड’. ‘प्रोटेक्ट फ्रॉम लाइट’. यांत ‘इट’ कुठेच नाही. नसायला हरकत नाही, कारण ज्याच्याबद्दल सांगायचे तो माल स्वतःच हजर आहे. शब्द त्याच्याच अंगावर छापले आहेत. आपणही ‘कोरड्या जागी ठेवा’ असेच छापतो, ‘हे’ छापत नाही. पण खोक्यावर इंग्रजी शिकलेला माणूस गुदामाच्या अहवालात लिहितो, ‘वुई केप्ट ड्राय ड्युअरिंग द रेन्स’. याचा अर्थ पावसाळ्यात आम्ही स्वतः कोरडे राहिलो! मालाचे काय झाले ते देव जाणे. ‘वुई केप्ट इट ड्राय’ म्हटले की माल कोरडा. एका ‘इट’ने कोरडेपणा गुदामवाल्याच्या अंगावरून मालावर जातो. मराठीत ‘राहिलो’ आणि ‘ठेवला’ अशी दोन वेगळी क्रियापदे आहेत, म्हणून आपल्याला ही अडचण कधी भासत नाही. इंग्रजीत दोन्हीला ‘कीप’च, म्हणून मधला ‘इट’ अंगठ्याएवढा असून घराच्या खांबासारखा असतो.

आणखी एक ‘इट’ आहे, तो याहून लबाड. ‘वुई फाइंड इट डिफिकल्ट टू सप्लाय द गुड्स’. आपण ‘वुई फाइंड डिफिकल्ट टू सप्लाय’ असे लिहितो, कारण ‘माल पुरवणे अवघड वाटते’ यात ‘इट’ला शब्दच नाही. मग तो तिथे काय करतो? एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकतात तो तो करतो. खरा उतारू म्हणजे ‘टू सप्लाय द गुड्स’. तो ट्रंक, पिशव्या, पोरेबाळे घेऊन मागाहून चढणार. तोवर सीटवर रुमाल पडलेला पाहिजे, नाहीतर कंडक्टर दुसऱ्याला बसवतो. इंग्रजी ‘फाइंड’, ‘मेक’, ‘कन्सिडर’ हे असे कडक कंडक्टर आहेत; मधली सीट रिकामी दिसली की वाक्य थांबवतात. रुमालाला किंमत नाही, पण तो टाकल्याशिवाय जागा नाही. हे मी माझ्या धाकट्या बहिणीला सांगितले तेव्हा तिला पुन्हा समजावावे लागले नाही. ती रोज पासावर गावाहून कॉलेजला येते-जाते.

‘प्लीज फाइंड एन्क्लोज्ड हिअरविथ’ची कथा मात्र निराळी. देशातल्या प्रत्येक कचेरीत रोज हे वाक्य लिहिले जाते आणि ‘फाइंड’ काय शोधतो आहे हे कोणालाच पडलेले नसते. हाही तोच साचा: बिल आत घातलेले आढळेल. बिलाचा नंबर, तारीख, रक्कम असे जड बोचके मागे ढकलल्यामुळे ‘एन्क्लोज्ड’ पुढे आले, इतकेच. बिलाऐवजी सर्वनाम असते तर ‘फाइंड इट एन्क्लोज्ड’ म्हणावे लागले असते. ‘हिअरविथ’ कशासाठी, ते मी विचारत नाही. काही शब्द निवृत्तीचे वय उलटूनही कचेरीत येत राहतात.

या साच्यात मराठी आणि कन्नड मिळून एक खरीखुरी अडचणही करतात, तीही सांगितली पाहिजे. ‘मी त्याला प्रामाणिक समजते’ हे ‘आय कन्सिडर हिम ऑनेस्ट’शी बरोबर जुळते. पण आपण ‘प्रामाणिक म्हणून समजते’ असेही म्हणतो, आणि कन्नडमध्ये तर ‘एंदु’ घातल्याशिवाय चैन पडत नाही: ‘अवनन्नु बुद्धिवंत एंदु तिळिदे’, त्याला बुद्धिमान असे समजलो. मग तो ‘म्हणून’ आणि तो ‘एंदु’ मिळून इंग्रजीत ‘अ‍ॅज’ बनतात, आणि ‘ही कॉल्ड मी अ‍ॅज अ लायर’ जन्माला येते. ‘रिगार्ड’ आणि ‘ट्रीट’ यांना ‘अ‍ॅज’ लागतो. ‘कॉल’ला लागत नाही, ‘फाइंड’ला लागत नाही, ‘कन्सिडर’ला न लावणेच चांगले. इथे आईच्या भाषेवर विसंबून भागत नाही, पाठच करावे लागते. पण चूक कुठून येते हे कळले तर पाठ करणे सोपे जाते.

आमच्या एका सरांचे म्हणणे वेगळे आहे. इंग्रजी इंग्रजीतूनच शिकावी. मराठी मध्ये आली की मुले शब्दाला शब्द लावत बसतात. त्यात तथ्य आहे हे मी नाकारत नाही. ‘मेक क्लिअर इट’ हे शब्दाला शब्द लावूनच झाले, हे मीच वर लिहिले आहे. आपल्या आजोबांच्या पिढीने तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी घटवली, आणि त्या पद्धतीला पुढे नावे ठेवली गेली ती याचसाठी. पण शब्दाला शब्द लावणे वेगळे आणि वाक्याशेजारी वाक्य ठेवणे वेगळे. ‘ब्रोकन म्हणजे फुटलेला’ हे पहिले. ‘बाटल्या फुटलेल्या मिळाल्या’ याच्याशेजारी ‘वुई फाउंड द बॉटल्स ब्रोकन’ मांडणे हे दुसरे. पहिल्याने जागा हरवते, दुसऱ्याने सापडते. सरांनी एका चुकीमुळे दोन्हींना वर्गाबाहेर काढले आहे.

आणि गावोगावच्या स्पोकन इंग्लिशच्या क्लासांबद्दल काय बोलावे! तीन महिन्यांत फाडफाड इंग्रजी. फाडफाड बोलताना ‘फाउंड ब्रोकन बॉटल्स’ खपून जाते, कारण समोर उभा माणूस तोंडाकडे पाहून अर्थ लावतो. पत्राला तोंड नसते.

उलट ए. एस. हॉर्नबी यांच्या शब्दकोशाचे मला आश्चर्य वाटले. इंग्लंडबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी तो जपानात शिकवत असताना सहकाऱ्यांबरोबर तयार केला; १९४२ साली तो तोक्योत निघाला आणि १९४८ पासून ऑक्सफर्डने काढला. त्यात क्रियापदाचा नुसता अर्थ देऊन भागवलेले नाही. त्याच्यामागे काय बसते, नाम की सर्वनाम की विशेषण, आणि कोणत्या क्रमाने, याचे साचे ठरवून दिले आहेत. जपानी मुलांची अडचण आपल्यासारखीच होती. त्यांचेही क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. ग्रंथालयात या कोशाची जुनी प्रत आहे. तिच्या सुरुवातीची पाने पाहिली तर फारशी कोणी उलटलेली दिसत नाहीत.

मागणी मोठी नाही. पत्रव्यवहाराच्या तासांपैकी चार तास या एका साच्याला द्यावेत, आणि फळ्याचे तीन भाग करावेत: मराठी, कन्नड, इंग्रजी. उदाहरणे पुस्तकातली नकोत. मार्केट यार्डातल्या एखाद्या अडत्याकडे किंवा ट्रान्सपोर्टच्या कचेरीत जाऊन बिल्ट्यांवरचे शेरे आणि नुकसानीची पत्रे, नावे झाकून, उतरवून आणता येतील. आमच्या वर्गातल्या निदान सहा जणांचे वडील त्या धंद्यात आहेत. कन्नड विभागातल्या मित्रांनी त्यांच्या बाजूने मदत करावी. ‘ओडेद बाटलिगळु’ आणि ‘बाटलिगळु ओडेदिद्दवु’ इथपर्यंत मी पोचले आहे. यांच्यासारख्या दहा जोड्या त्यांनी पुढच्या अंकात, त्यांच्या पानांवर, द्याव्यात. मराठीच्या दहा मी देते.